वस्तीवर न थांबलेला

सातारा,
ता. ९ ऑक्टोबर १९७४

प्रिय अजितकुमार,

सप्रेम नमस्कार. तू आणि गुणमालाकाकू मजेत असाल. मी बरा आहे. सायकल कंपनीने आमच्या संघाला घाटाच्या सरावासाठी इथे ठेवलं आहे. आपण पडलो सपाटीवरचे गडी, शेवटच्या फर्लांगात जीव काढणारे. घाटात माझी जीभ बाहेर येते आणि बाकीचे हसतात. तू असतास तर जास्तच हसला असतास.

आठ महिन्यांत पत्र नाही म्हणून रागावला असशील. सरावातून वेळ मिळाला नाही. हे खोटं आहे, पण खोडत नाही, राहू दे.

फेब्रुवारीतल्या शर्यतीबद्दल लिहायचं आहे. पहिले दोन दिवस सपाटीचे, म्हणजे आपले, पुढे घाट. त्या दोन दिवसांतून कंपनी सुसाट पळणारा एकच गडी पगारावर घेणार होती. पहिल्या दिवशी तू मला अर्ध्या चाकाने मागे टाकलंस. दुसऱ्या दिवशी सांगलीहून कराडला निघालो, तेव्हाच मला कळून चुकलं होतं की शेवटच्या फर्लांगात तू पुन्हा जिंकणार.

सकाळी तुझं गाव आलं. ज्याचं गाव त्याला पुढे सोडायचं, तो घरच्यांना भेटेपर्यंत बाकीच्यांनी सावकाश यायचं, हा आपला रिवाज. काकूंनी तुला ओवाळलं, आम्हा सगळ्यांना ताक पाजलं. दुपारी कडेगावच्या पुढे माझी वस्ती आली. हात आडवा करून घोळक्याला तूच अडवलंस. "थांबा रं, त्याची आय उभी हाय. जा गड्या, भेटून ये."

मी गेलो तो गेलोच.

नंतर सगळ्यांना सांगितलं, गर्दीत आई दिसलीच नाही. अजित, ती दिसली होती. नवं लुगडं, हातात ताट, निरांजन विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरलेला. "मान्या, थांब रं," म्हणाली, तेही ऐकलं. मी मान खाली घातली आणि पायडल मारत राहिलो. कराडला गळ्यात हार पडला, जागाही मिळाली. तू शेवटून दुसरा आलास. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात शेजारचा कोंडीबा इथे आला होता, त्याने सांगितलं. तुम्ही वस्तीवर पोचलात तेव्हा आई ताट घेऊन तशीच उभी होती. बाकीचे माझ्यामागे सुटले. तू उतरलास, तिच्या पाया पडलास आणि म्हणालास, "आवं आई, त्याचा ब्रेक लागला न्हाई. मला ओवाळा."

तिने तुला ओवाळलं. ब्रेकवर मात्र तिचा विश्वास बसला नाही. कोंडीबाबरोबर तिने निरोप धाडला आहे, "दिवाळीला त्या पोराला घिऊन ये. त्याच्याबिगर मी तुला ओवाळायची न्हाई."

जागा सोडतो असं लिहिणार होतो. पण सोडवत नाही. मला ती हवी आहे, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी सकाळपासून कडेगावच्या नाक्यावर उभा राहीन. तू आलास तर वस्तीवर जाऊ, तू पुढे. नाही आलास तर मी तिथूनच माघारी फिरेन.

काकूंना नमस्कार सांग म्हणायला तोंड नाही.

तुझ्यासाठी थांबलेला,
मानसिंग