सलालातला पावसाळा

प्यारी अम्मी,

अस्सलामु अलैकुम. मी इथे ओमानात, सलालाला खुशाल हाय. शेठ चांगला हाय, जेवणही बरं मिळतं. तुझे गुडघे कसे हायत? फोनवर आपल्या दोघांनाही रडू येतं, म्हणून हे पत्र गावी निघालेल्या हसनचाचांच्या हाती देतोय. आफियाआपा आली की वाचून दाखवेल.

सध्या इथे पाऊस हाय. उन्हाला कंटाळलेले अरब लांबलांबून धुकं नि धबधबे बघायला येतात. मीच त्यांना गाडीतून फिरवतो. अगदी आपल्या वरंध घाटासारखं दिसतं गो.

काल रियाधचं एक कुटुंब होतं. त्यांची म्हातारी आई पाझरत्या कड्याखाली ओंजळ धरून उभी राहिली. मी धावत गेलो नि हाताला धरून तिला गाडीत आणून बसवलं. परक्या बाईचा हात धरला म्हणून तिचा मुलगा लय ओरडला. त्याचंही बरोबर हाय. पण गेल्या साली आपल्या घरावर दरड आली नि अब्बा अजून सापडले नायत, हे त्याला कुठल्या भाषेत सांगू?

आपा म्हणते, तू तिच्याकडे नाते गावात राहायला जात नाय. उरलेल्या पडवीतच पडून असतेस. "ते ह्याच मातीत हायत, त्यांना एकटं टाकून कशी जाऊ?" म्हणतेस.

अम्मी, परक्याच्या आईला मी दोन मिनिटं डोंगराखाली उभी राहू दिली नाय. माझी आई तिथे रोज झोपते.

अल्लाह तुला राखो. तूही त्याला थोडी मदत कर.

तुझा उझैर