शून्य वेळा पडलेले बाबा

३ जून
टीम जमली. विषय : म्हातारी माणसं घरात का पडतात. मी डॉक्टर, शिवाय प्रमुख. बाकी एक इंजिनीअर, एक आकडेवाली आणि समाजशास्त्राच्या बाई. संकल्प : सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. आज पावणेदोन तास मीच बोललो, पण सुरुवात कुणीतरी करायलाच हवी.

१९ जून
'पडणे' कशाला म्हणायचं, यावर तिसरी मीटिंग. तोल जाऊन खुर्चीत बसलं तर धरायचं का? इंजिनीअर म्हणतो नाही, आकडेवाली म्हणते हो. चहा दोनदा झाला. प्रगती समाधानकारक.

४ जुलै
अभ्यासाला एक म्हातारं माणूस कमी होतं, म्हणून आमच्याच बाबांना घेतलं. इंजिनीअरने त्यांच्या कमरेला पट्टा बांधला. माणूस पडला की पट्टा मोजतो. बाबांनी विचारलं, पास व्हायला किती लागतात. हसू आलं. उद्या नीट समजावेन.

२ ऑगस्ट
पट्टा : शून्य. बाबा ठणठणीत. बायको म्हणते, ते भिंत धरून चालतात. तिला म्हटलं, वाटण्यावर संशोधन चालत नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली, म्हणजे पटलं असावं.

११ ऑगस्ट
समाजशास्त्राच्या बाई बाबांशी दीड तास बोलल्या. आठ पानं पाठवलीत. आजच वाचा म्हणाल्या, बाबांची परवानगी आहे. मी म्हटलं, तक्त्यात बसवून द्या. बसत नाही म्हणे. त्यांच्या विषयाचं हेच दुखणं. रविवारी वाचेन.

२५ ऑगस्ट
रविवार गेला, दुसराही गेला. बाईंचे दोन फोन आले, उचलले नाहीत. परिषदेचं भाषण लिहीत होतो. विषय : एकमेकांच्या शास्त्रांचं ऐकणं.

३० ऑगस्ट
बाबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. पट्टा उशाखाली सापडला.

१६ सप्टेंबर
ऑपरेशननंतर न्यूमोनिया. बाबा सकाळी गेले.

२३ सप्टेंबर
आठ पानं वाचली. वीस मिनिटं लागली.
बाबा चारदा पडले होते. सकाळी उठताना चक्कर यायची, म्हणून तेवढा वेळ पट्टा काढून ठेवायचे. मुलाचं काम आहे, आपल्यामुळे त्याचा आकडा बिघडायला नको, असं बाईंना सांगितलंय. चक्कर ब्लडप्रेशरच्या गोळीने येत असणार, ती अर्धी करून पाहायला हवी होती, हे मला पहिल्याच पानावर कळलं. दार लावून रडलो.
शेवटच्या पानावर बाईंनी बाबांना विचारलंय, हे मुलाला वाचायला दिलं तर चालेल का.
बाबा म्हणाले, "द्या की. तो कुठला वाचतोय."