न ऐकता दिलेली उत्तरं

मी, विल्हेल्मुस सुमाकुल, वय एकोणऐंशी, राहणार तोंदानो, मिनाहासा, तारखात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. डावा पाय तेवढा ऐकत नाही, पण पायाने लिहायचं नसल्यामुळे नोटरीबाईंची हरकत नाही.

१. राहतं घर, मागची लवंगेची झाडं आणि पतपेढीतली शिल्लक माझी मुलगी मेइके हिला. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिने मला सांभाळलं आणि मी तिच्यावर सतत खेकसलो. त्याची भरपाई घराने होत नाही, हे मला कळतं.

२. धाकटा भाऊ योपी याला काही नाही. माझी लांब शिडी त्याच्याकडेच आहे. ती त्याने ठेवून घ्यावी, आणि माझ्या शवपेटीपाशी उभं राहून आम्ही किती जवळचे होतो असलं काही बोलू नये.

३. रेडिओ, संगणक आणि छपरावरची अँटेना बिटुंगच्या हेंकी कालालो याला. तो बेकरी चालवतो आणि माझा नातेवाईक नाही, म्हणून कारण लिहितो.

आमच्या हौशी रेडिओ मंडळाच्या एका स्पर्धेत बोलायचं नसतं. संगणकाने रेडिओवरून अक्षरं पाठवायची. एकमेकांना आपापला क्रमांक द्यायचा आणि दोघांनीही तो मिळाल्याची पोच दिली की संपर्क पुरा. एकाचीही पोच आली नाही तर तो धरायचा नाही. मी वर्षानुवर्षं परीक्षक होतो. हेंकीने एकदा पोच न येताच एक संपर्क मांडला. त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी भर सभेत त्याचं नाव वाचलं आणि पुढे 'खोटारडा' म्हणालो. त्याची बायको सगळ्यांसाठी पाव घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. दोघं पाव तिथेच ठेवून निघून गेली. ते पाव आम्ही खाल्ले.

यंदा झटक्यानंतर मी पहिल्यांदाच स्पर्धेला बसलो. परदेशातून कोणी उत्तर देईना, तर मी हवामानाला नावं ठेवली. आमच्या भागातले पाच जण तेवढे भेटले, त्यांत हेंकीही. प्रत्येकाने माझ्या क्रमांकाची बिनचूक पोच दिली. मागे मेइकेचा फोन सारखा वाजत होता, म्हणून मी तिला झापलं. त्या दिवशी मी भाज्यांची पेज दोनदा मागून घेतली.

पुढे छप्पर दुरुस्त करणाऱ्याने अँटेनाची वायर माझ्या हातात आणून दिली. उंदराने कुरतडून तोडलेली. आम्ही मिनाहासाची माणसं उंदीर मिरच्या घालून चवीने खातो, तेव्हा त्या जातीचा माझ्यावर राग असणारच. वायर तुटल्यामुळे जवळच्यांची अक्षरं तेवढी माझ्यापर्यंत येत होती, पण रेडिओने स्वतःला वाचवायला माझं पाठवणं बंद केलं होतं. किती जोराने पाठवलं जातंय ते दाखवणारा रेडिओवरचा काटा हलत नव्हता आणि मी, परीक्षक, तिकडे बघितलंही नव्हतं.

मेइकेला विचारलं. ती आधी भांडी घासत राहिली.

"काटा मला दिसला होता, पापा," ती म्हणाली. "पण किती दिवसांनी तुम्ही ताठ बसला होतात. तुम्ही कोणाला काय पाठवताय ते मी हेंकीओमना कळवत होते. मंडळातला मला त्यांचाच नंबर माहीत, पाव तिथूनच मागवते ना. बाकीच्यांना त्यांनी गोळा केलं."

मी हेंकीला फोन लावला. माझं काही ऐकू आलं होतं का, एवढंच विचारलं.

"नाही, ओम," तो म्हणाला. आमच्याकडे वडीलधाऱ्याला ओम म्हणतात. "पण तुम्ही हाक मारताय हे कळलं होतं. मग गप्प कसं बसायचं?"

मी आभार न मानताच फोन ठेवला. मला लाज वाटते. त्यांनी माझ्यावर दया केली याची थोडी, आणि त्या सभेची फार. माझी नोंद मी वायर तुटल्याचं कारण देऊन स्पर्धेतून काढून घेतली आहे. त्या पाच जणांना कोणी बोल लावू नये.

४. माझ्या मृत्यूनंतर मेइकेने मंडळाच्या सभेत मी लिहून ठेवलेला माफीनामा वाचून माझ्या वतीने हेंकीची आणि त्याच्या बायकोची माफी मागावी.

कलम ४ रद्द. नोटरीबाईंनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा मलाच ऐकवेना. अपमान जिवंतपणी केला आणि माफी मेल्यावर मागायची, तीही मुलीच्या तोंडून. उद्या, शनिवारी, सभा आहे. त्या दोघांना मी बोलावलं आहे. जाऊन येतो, मग सही करतो.

गेलो. माफीनामा उभ्याने वाचायला लागलो. मध्येच पाय लटपटला, तेव्हा हेंकीच्या बायकोने आपली खुर्ची पुढे सरकवली.

"बसून वाचा," ती म्हणाली. "पण सगळं वाचा."

सगळं वाचलं.

साक्षीदार: यूलियाना मामाहित, शेजारी, रूडी पांगेमानान, मंडळाचे चिटणीस.
सही: वि. सुमाकुल
तोंदानो, सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४