नानासोंच्या खाटेपाशी कुणी यायचं नाही

मिरज, १९४९

प्रिय राही,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या सासऱ्यांना मी दवाखान्याच्या दारात अडवलं, चारचौघांत त्यांची शोभा केली, म्हणून मी तुझी बहीणच न्हाई, असं लिहिलंयस. बरं बाई, नसेन. पण माफी मी मागणार नाही. लालासाहेब गावात मोठे असतील, वॉर्डात मी नर्स आहे. बैलगाडी भरून माणसं आणली होती, आणि एकेकाला तुझ्या नानासोंच्या पायावरची पट्टी उकलून जखम बघायची होती! तुझ्या बापाचा व्याही हाय मी, म्हणून गरजले. म्हटलं, देव आला तरी आत सोडणार न्हाई.

मला शिकून शिंगं फुटलीत म्हणतेस. अगं, तुला देवी आल्या तेव्हा आईनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला आणि सख्ख्या आत्याला उंबऱ्याबाहेरून परत धाडलं. तेव्हा कुणाचा मान गेला नव्हता.

ऊस तोडताना कोयता लागला, तेव्हा तुझ्या नवऱ्याची जखम साधी होती. शेजारच्या खाटेवर बैलानं शिंग मारलेला केरबा. आपल्याकडं समाचाराला आलेला माणूस एकट्या आपल्याच माणसाला भेटून परतेल तर शपथ. केरबाचे पाहुणे त्याची जखम चाचपायचे आणि त्याच हातानं नानासोंचा पाय. लय मायेनं. केरबानं गावात पेनिसिलीनची दोन इंजेक्शनं घेतली, ताप उतरताच बाकीची सोडली. अर्ध्या औषधातून जे जंतू वाचले ते त्याला दाद देईनात, आणि तेच नानासोंच्या पायात आले. डॉक्टरांनी पू काचेच्या बशीत घेऊन त्यावर औषध टाकून पाहिलं. जंतू खुशाल वाढले. मी संतापानं रडले, राही. लढाईत एवढे जवान वाचवणारं औषध, आणि इथं पाणी! आता साबण, उकळलेल्या पट्ट्या आणि बंद दार, एवढंच माझ्या हातात आहे. ते मी कुणाच्या बापासाठी सोडणार नाही. मोठे डॉक्टर हात न धुता खाटेकडं वळले तरी ओरडते. हसतात, पण धुतात.

आता पत्र कशासाठी, ते मन घट्ट करून वाच. विष मांडीकडं चढतंय. सोमवारी पाय कापायचा ठरलाय, नाहीतर माणूस हाती लागत नाही. नानासो हट्टाला पेटलेत, राहीला बघितल्याशिवाय पायाला हात लावू देणार न्हाई म्हणतात. तेव्हा ये, मिळेल त्या गाडीनं ये. पण तुला आठवा महिना. हा जंतू अंगावर घेऊन गेलीस तर उद्या तो तान्ह्याला जिवंत ठेवणार नाही. म्हणून तुलाही मी आत सोडणार नाही. खाट खिडकीला लावते. तू अंगणातून बोल, पोटभर रड, मला शिव्या घाल. पण त्यांना सांग, पाय जाऊ द्या, मला माणूस पायजे. आणि दारातून घुसायला बघितलंस, तर बहीण म्हण नाहीतर वैरीण म्हण, मी आडवी उभी असेन.

तू नको म्हणालीस तरी तुझीच,
विजयाक्का