पार्बताबाईंचा दात आणि कंपनीचं वांगं

अकोट,
मे महिन्याची अखेर, २००६

आदरणीय देवरावकाका यांस,

शफीकचा मनापासून सलाम आणि काकूंना नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? (निगेटिव्हवर वाकून लोकांच्या सुरकुत्या पुसता पुसता ती गेली आणि त्या सुरकुत्या तुमच्याच कपाळावर येऊन बसल्या, असं काकू म्हणतात. मी म्हणत नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत. आमिनाच्या मते एक माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही, पण तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, तेव्हा तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही. ऊन असं तापलंय की स्टुडिओच्या पडद्यावरच्या काश्मीरचा बर्फही पिवळा पडला.

पत्रच लिहायचं कारण एवढंच की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. तुमचा निरोप पोचला. अमरावतीच्या फोटोग्राफर मंडळींच्या बैठकीत ‘मॉडेलने आपल्या फोटोचं टचिंग स्वतः शिकावं की नाही’ यावर चर्चा आहे आणि मी अकोटहून येऊन ‘मुळीच शिकू नये’ असं ठणकावून सांगायचं. काका, गेल्या महिन्यात हे सांगितलं असतंत तर मी मिळेल त्या एसटीने उभ्याने आलो असतो. तुमच्या हाताखाली आलो त्याच दिवशी तुम्ही बजावलं होतं की ज्याचं तोंड असेल त्याच्या हाती पेन्सिल द्यायची नाही, कारण माणूस स्वतःच्या तोंडाशी इमान राखत नाही. मी ते पाळत आलो. नवरदेव पाया पडले, नवऱ्या रडल्या, एका सरपंचाने तर टकलावर केस आपल्या हाताने लावू द्या म्हणून धरणं धरलं. मी बधलो नाही. पण आता मला त्या बाजूने बोलता येणार नाही. काहून, ते सांगतो. जरा लांबण लागेल, काकूंना चहाचं आधण ठेवायला सांगा.

आमच्या बाजारात पार्बताबाई म्हणून एक माळीण बसते. वांगी, पालक, सांबार (पुण्याचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात) असा तिचा माल. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज एसटीच्या भोंग्यासारखा, आणि समोरचा एक दात नाही. मार्चमध्ये बियाण्याच्या एका कंपनीचा साहेब पोस्टरसाठी हसणारा शेतकरी शोधत आला. तुम्हाला आपल्या वऱ्हाडातली सध्याची हवा माहीतच आहे. बिचारा अकोल्यापासून बाजार धुंडाळत आला होता आणि लोक त्याला हसून दाखवायचे, पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते हसू डोळ्यांपर्यंत चढत नव्हतं. पार्बताबाई मात्र भांडतानाही हसते. साहेब जागच्या जागी थबकला आणि म्हणाला, हीच माझी मॉडेल. बाईंना वाटलं आपल्याला गाडीचं जुनं मॉडेल म्हणाला. “मॉडेल काहून म्हणते रे मले? मी का फटफटी हावो?” असं म्हणून ती जी हसली, तोच फोटो मी काढला. हातात तिचीच वांगी, तिच्याच वावरातली, चांगली काटेरी, पण वांग्याएवढीच.

पुढचं टचिंग माझ्याकडे आलं. बाईंची मागणी एकच होती, दात बसवा. आता दात आणायचा कुठून? कॉम्प्युटरमध्ये अकोल्याच्या एका लग्नाचा अल्बम पडला होता, त्यातल्या नवरदेवाचा एक उचलला आणि बसवला. असा बसला की बाईंच्या आईने पाहिला असता तरी तिला ओळखू आला नसता. मग साहेब माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. वांगं थोडं मोठं करा. अजून थोडं. अजून. शेवटी ते वांगं बाईंच्या हातात तान्ह्या लेकरासारखं दिसू लागलं, तेव्हा कुठे साहेबाचं समाधान झालं. (मी केलं. ऑर्डर होती, केलं. तुम्हीही केलं असतंत.)

पोस्टरं लागली. बसस्टँडवर, बियाण्याच्या दुकानांवर, आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवरसुद्धा. पहिले काही दिवस पार्बताबाई दात पाहायला रोज बसस्टँडला जायची. मग बाजारात गिऱ्हाइकं विचारू लागली, पोस्टरवालं वांगं कुठाय? हे काय चिंगूरपांगूर मांडलं? तिच्यासारखी बाई त्यांना भारी होती, ती सगळ्यांना पुरून उरली. पण बार्शीटाकळीला तिचा धाकटा भाऊ आहे, पुंजाजी. त्याच्यापुढे मात्र तिची मात्रा चालेना. त्याने पोस्टर पाहिलं आणि ठरवलं की यंदा तूर नाही, ज्वारी नाही, ओलिताचं सगळं वावर या वांग्याखाली. दुकानदाराला पुड्या राखून ठेवायलाही सांगून आला. बाई धावत गेली, शपथा घातल्या, अरे हे वांगं फुगवलेलं आहे. तर पुंजाजी तिला म्हणाला, “बाई, तू खोटं बोलशीन, फोटो कायले खोटं बोलंन?” (मोठ्या बहिणीला तो बाई म्हणतो.) आणि वर असंही म्हणाला की भाऊ पुढे जाऊन राहिला हे तुझ्या डोळ्यांत खुपते.

हे मला सांगताना पार्बताबाई हसत नव्हती. तिला मी असं पहिल्यांदाच पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. मृग तोंडावर आलेला, भाऊ बोलत नाही, आणि तो जे पेरणार ते पोस्टरवरच्या तिच्या तोंडाकडे पाहून पेरणार. मी बार्शीटाकळीला फोन लावला, पुंजाजीला सांगितलं की ते वांगं मी या हातांनी मोठं केलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बाईनं तुले काय देल्लं असं बोलाले? आता करा काय करता.

फोन ठेवला तर बाई माझ्या खुर्चीत बसलेली. “शफीकभाऊ, मले शिकवा. मी त्याच्या डोयापुढं करून दाखवतो.”

मी नाही म्हणालो. तुमचं नाव घेऊन नाही म्हणालो. आमिना आतून ऐकत होती. ती बाहेर आली, तिने बाईंना पाणी दिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेली. काका, तुमचंही लग्न झालेलं आहे. मी शिकवायला सुरुवात केली.

आता इथून पुढचं मी तुम्हाला कसं सांगू! मला हे टचिंग कॉम्प्युटरवर शिकायला सबंध पावसाळा लागला होता आणि त्यात दोनदा मी नोकरीच्या जाहिराती पाहिल्या होत्या. या बाईने एका जागचा रंग उचलून दुसऱ्या जागी लावायची खूण पहिल्याच दुपारी धरली. म्हणाली, हे तर लिपणं आहे. बाजूचा चिखल घ्यायचा आणि भेग बुजवायची, पण हात एकाच बाजूने फिरला तर सारवण दिसतं, म्हणून फिरवून फिरवून घ्यायचा. मी तोंडात बोट घालून उभा! तुम्ही मला हेच शिकवलं होतं, फक्त तुमच्या हातात लाकडी पट्टी होती आणि हिच्या तोंडात पान. मध्येच लाइट जायची (लोडशेडिंग तिकडेही असेल, नसेल तर आम्हाला बोलवून घ्या) आणि केलेलं सगळं पुसलं जायचं. मग बाई वीज मंडळाला अशा अस्सल शिव्या द्यायची की गिरणीवाला पीठ सोडून ऐकायला यायचा. तरी लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा म्हणून नाही.

एकदा मात्र गंमत झाली. मी बोलता बोलता बोलून गेलो की तोंडातला दात अकोल्याच्या नवरदेवाचा आहे. बाई उभीच राहिली! परक्या माणसाचा दात तोंडात घेऊन मी गावभर मिरवून राहिली? घरी काय सांगू? तिने तिथल्या तिथे तो दात उपटला. मग स्वतःचाच शेजारचा दात उचलला, जरा वळवला, जरा पिवळसर केला आणि रिकाम्या जागी बसवला. काका, खोटं सांगत नाही, माझ्या दातापेक्षा तो शंभर हिश्शांनी खरा दिसतो. माणूस स्वतःच्या तोंडाशी इमान राखत नाही, हे तुमचं म्हणणं मी त्या दिवशी तुमची माफी मागून बाजूला ठेवलं.

मग पुंजाजीला बोलावलं. लग्नाची बोलणी असल्यासारखा धुतलेली टोपी घालून आला, पण बहिणीकडे पाहीना. बाईंनी मला त्याचा फोटो काढायला लावला आणि खुर्चीत बसली. आधी त्याचा डावा कान मोठा केला. होता होता तो कान पळसाच्या पानाएवढा झाला, तेव्हा पुंजाजीने हळूच आपला कान चाचपून पाहिला! मग बाईंनी पिशवीतून वांगं काढलं, त्याच्या हातात दिलं, मी पुन्हा फोटो काढला, आणि तिने ते त्याच्या डोळ्यांदेखत फुगवलं. वांगं वाढत होतं आणि त्याच्या हातातलं होतं तेवढंच होतं. तो एकदा पडद्याकडे पाहायचा, एकदा हाताकडे. बाईंनी वांगं पुन्हा होतं तेवढं केलं आणि माउस खाली ठेवला. मी आजवर कितीतरी चेहऱ्यांचं टचिंग केलं, पण माणसाच्या चेहऱ्यावर खरं असं उमटताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग पुंजाजी हसला, बाई हसली, आणि दोघं इतकं हसले की आमिनानेही पडद्याआडून हसून घेतलं. पुड्या घेणार नाही म्हणाला. तूर आणि ज्वारीच पेरणार.

तेव्हा बैठकीत माझ्या नावापुढे ‘शिकावं’ असं लिहा. अंग चोरून नाही, ठणकावून लिहा. माझ्या मते मॉडेलनेच काय, पोस्टर पाहून पुडी घेणाऱ्या प्रत्येकाने शिकावं, आणि आपण शिकवावं, मग आपलं दुकान चालो की बसो. लहान तोंडी मोठा घास घेतला, रागवाल. रागवा, पण कंबर सांभाळून रागवा.

तुमचा,
शफीक

ता.क. : काकूंनी मागितलेली चिखलदऱ्याची कॉफी मिळाली आहे. ती पार्बताबाईंबरोबर पाठवतो.

ता.क. २ : पार्बताबाई अमरावतीला काहून येणार, हे वर लिहायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, धीर झाला नाही. त्या दिवशी हसणं थांबल्यावर पुंजाजीने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, “मंग मांगच्या साली कापसाचं पोस्टर होतं, थे बी असंच?” पोस्टरवरच्या झाडाला फांदीफांदीला बोंडं होती. त्याच्या वावरात तसं एकही झाड आलं नाही. कंपनीची चूक असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. आपल्याच हाताला गुण नाही असं धरून तो वर्षभर कोणाशी धड बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ते पोस्टर त्याने घरून आणलं, बाईंनी पाहिलं आणि बोट ठेवलं. सगळ्या झाडाला एकच बोंड आहे, काका. फिरवून फिरवून लावलेलं. मी तो हात ओळखला. हे कोणाचं काम, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी माहीत नाही म्हणालो, पण माझ्या तोंडाला टचिंग नसल्यामुळे बाईंनी ते वाचलं.

सोमवारच्या एसटीने दोघं येतील. पुंजाजी भांडायला येत नाही, त्याला भांडता येतच नाही. त्याला फक्त एवढंच पाहायचं आहे की खऱ्या झाडाला बोंडं किती होती. मूळ फोटो शोधून ठेवा आणि सोमवारी दुकान उघडं ठेवा.