उलटं चिंचेचं झाड

१९ मार्च २००७, सोमवार

रंगा टेस्टिंगच्या खोलीत पाऊल टाकायला तयार नाही! पंधरा वर्षं माझ्याकडे गाड्यांच्या हेडलाइटचे झोत मोजतोय, अंधारातच पोट भरतोय — आणि आज म्हणतो, "सार, आत माणसं उलटी चालतात." बाकीच्यांनी दुपारपर्यंत कोहळा आणलासुद्धा, फाटकावर फोडायला. मी म्हटलं, अरे, तुमचा मालक ख्रिस्ती आहे. तर म्हणतात, "असू दे सार. भूत काय जात विचारतं?"

२० मार्च

पाहिलं. अंगावर काटा आला.

पांढरा पडदा धुवायला दाराजवळ ओढलेला, चार पावलांवर. दार लावून बसलो. पाच मिनिटं मिट्ट. मग पडद्यावर काहीतरी हललं. चिंचेचं झाड — शेंडा खाली! त्याच्याही खाली आभाळ, तळ्यासारखं निळं. आणि वर रस्ता. एक सायकलवाला डोकं खाली करून त्या रस्त्यावरून निवांत चालला होता. मागून लॉरी आली. मुकी. माझे कान सगळ्या इरुंगाट्टुकोट्टै औद्योगिक वसाहतीत प्रसिद्ध — पंप ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगतो. पण या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. एवढी लॉरी, आणि आवाज नाही!

दाराचा एक रिव्हेट पडलाय. तेवढंच भोक. शाळेत खोक्याला भोक पाडून हेच पाहिलं होतं. रंगाला समजावलं. "सरी सार," म्हणाला, म्हणजे बरं. मग हळूच — "पण ती बाई?"

कुठली बाई?

२२ मार्च

सकाळी साडेसात. पांढरी साडी. चिंचेखाली येऊन थांबली, हात जोडले, मान एका बाजूला कललेली. हलली नाही. मी फाटकाकडे पळालो. दारासमोर तारेचं कुंपण; फाटक मागच्या अंगाला, वळसा तीन मिनिटांचा. पोचलो तर रस्ता रिकामा. बुंध्याशी मोगऱ्याची दोन फुलं, ओली.

तीच चिंच. तिथेच का?

२३ मार्च

पुन्हा आली. पुन्हा मी उशिरा.

२७ मार्च

लिहून टाकतो. दुसऱ्या कुणाला सांगणं होत नाही.

आमचा उन्मेष, एकुलता मुलगा, त्या चिंचेखाली गेला. नोव्हेंबर २००५, पहाटे पाच, अमावास्येच्या आसपास, तिथे रस्त्याला दिवे नाहीत. पहिली पाळी उघडायला मीच त्याला पाठवलं होतं. लॉरी उडवून निघून गेली. त्याच्या बाइकच्या हेडलाइटचा बल्ब तीन दिवस गेलेला होता. "बाबा, बल्ब?" — "उद्या आणतो." तीनदा म्हणालो. घरात नाही, पण कारखान्यात बल्बांची खोकी माळ्यापर्यंत! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

माझ्या बायकोला, अलकाला, हे माहीत नाही. पंचनाम्यात 'दिवा फुटलेला' एवढंच. तिनं एकदाच विचारलं होतं, "एकटाच होता का हो? अंधारात?" मी आंघोळीला निघून गेलो. तेव्हापासून ती चर्चमध्ये जाते, पण गात नाही. मी जातच नाही.

१ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

अलका उपासनेला गेली. मी एकटाच कारखान्यात. यंत्रं बंद. पडद्यासमोर स्टूल टाकून बसलो.

पानापानावर ऊन पडलेलं, आणि ते माझ्या पडद्यावर, रंगांसकट. वाऱ्यानं झाड हललं की सगळा उजेड थरथरायचा. तीस वर्षं उजेड विकतोय, असा कधी पाहिला नव्हता. ना बटण, ना तार. आमचा धंदा उलटा — या खोलीत उजेडाची चीर दिसली की काळा रंग फासायचा. आणि तो एवढ्याशा भोकातून आख्खं झाड घेऊन आत येतो.

चर्चचे पाळकसाहेब मागे घरी आले होते, तेव्हाचं आठवलं — "उमाकांतराव, प्रभूच्या कबरेकडे आधी बायका गेल्या. तेव्हा उजाडलंही नव्हतं पुरतं." तेव्हा मी चहा घ्या म्हटलं होतं.

बाई आज आली नाही. वाट पाहिली, हे कबूल.

३ एप्रिल

ती अलका आहे! मान तशीच कलते तिची. सकाळच्या प्रार्थनेला जाते सांगून इथे येत असणार, घरून, शहरातल्या नुंगंबाक्कमहून एवढ्या लांब. मला चुकवून. म्हणजे तिला बल्बाचं कळलंय?

५ एप्रिल, गुरुवार

साडेसात. बाई आली. मोबाइल हातात होता, घरचा नंबर लावला. पडद्यावरून नजर काढली नाही.

"हं, बोला." अलका. मागे कुकरची शिट्टी. आमचाच कुकर, तिसऱ्या शिट्टीला दम खाणारा.

पडद्यावर बाई तशीच उभी. हात जोडलेले.

"अहो, बोला ना! कुणी आहे का तिथे?"

६ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

अलकाला सांगितलं. बाईचं. बल्बाचं नाही. म्हणाली, "मला दाखवा."

७ एप्रिल, शनिवार

रंगाला सातलाच चिंचेमागे उभा केला. बिचारा खिशात लिंबू घेऊन गेला! आम्ही दोघं आत. बाई आली, वाकली, फुलं ठेवली. अलका म्हणाली, "भुतं फुलं आणतात होय? चला बाहेर."

कामाक्षी नाव. विधवा. पुढच्या कंपनीत झाडू मारते, रविवारी सुट्टी. रंगानं धरून ठेवलेली. अलकाकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. "अम्मा, तेच डोळे! पिंगट. त्या तंबीचे, त्या पोराचे, असेच होते. मी डोकं मांडीवर घेतलं होतं. पाणी मागितलं, डब्यातलं पाजलं. पोलिसांना भिऊन पळाले, अम्मा. रोज माफी मागते."

अलका तिच्याशेजारी मातीतच बसली. "एकटा नव्हता," म्हणाली. मला नाही, झाडाला.

पण माझ्या कानात एक शब्द अडकलाय. पिंगट. त्या काळोखात?

८ एप्रिल, ईस्टर

पहाटेच्या उपासनेला दोघं गेलो. गाडीत अलकाला बल्बाचं सांगितलं, सगळं. तिथूनच आम्ही कामाक्षीच्या झोपडीवर. विचारलं, अंधारात तुला त्याचे डोळे दिसले कसे?

"अंधार कुठे होता, सार? गाडी आडवी पडून फटफटत होती. काच फुटलेली, पण दिवा जळत होता. नवाकोरा, पांढरा. त्या उजेडातच तर मी त्याच्यापर्यंत पोचले."

नवा बल्ब. माझ्या 'उद्या'ची वाट न पाहता त्यानंच बसवला असणार.