उर्वशीच्या बंगईचा जोड

पांढुर्णा, ९ नोव्हेंबर २०२५

तू करून धाडलेली बंगई पडली. अन् पडली कोणाच्या बुडाखाली, तर उर्वशीच्या सासूच्या. शोभाबाईनं नुसता पाय टेकून झोका घेतला, तं वरच्या दांडीची उजवीकडची कडी पट्टीसकट निसटली अन् बाई फरशीवर. हाड मोडलं नाही, वर गादी भरपूर आहे. तोंडालेही काही झालं नाही, ते चालूच आहे.

चि. प्रफुल्लले अन् नेहाले आजीचे आशीर्वाद. फोन मी करत नाही. तू 'हो आजी, हो आजी' म्हणून ठेवून देतो. कागद पूर्ण वाचावा लागते.

तुझ्या बहिणीचं, उर्वशीचं, डोहाळेजेवण चोवीस तारखेले इथंच, माहेरी ठरलं आहे. आता शोभाबाई साऱ्या सावरगावात सांगून राहिली का सून पाटावर बसन, बंगईवर नाही. तिचंही खोटं नाही. मागच्या खेपेले पोरीचं पोट टिकलं नाही, तवापासून त्या घरात कोणी शिंकलं तरी शकुन पाहतात. पण उर्वशी मले हळूच म्हणे, आजी, दुसऱ्यांच्या झोक्याले फुलं बांधता बांधता एवढी झाली, एकदा माझाही झोका होऊ दे. तर तो होईन.

तुटलेली पट्टी थैलीत घालून सौंसरच्या बसवाल्याजवळ दिली आहे. पाहून सांग, तू जोड दिला होता का टिकली चिकटवली होती.

मनकर्णा आजी


सौंसर, १२ नोव्हेंबर

ती. आजीस प्रफुल्लचा सा. न. वि. वि.

पट्टी मिळाली. शाळेतून आलो तर नेहाने ती ताटात वाढून ठेवली होती. शोभाकाकूंची फोनवर माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, दिली नाही.

चूक कळली, आजी. खिडकीच्या जाळ्या केल्या तेव्हा पातळ पाइपला भोकं पडत होती, म्हणून वेल्डिंग मशीनचा करंट सत्तरवर ठेवायची सवय लागली. बंगईची पट्टी चांगली बोटाएवढी जाड. तिलाही सत्तरच ठेवला, अन् रॉडही तोच बारीक. जोड दिसायला वेणीसारखा सुबक आला, मी घरच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला. पण पट्टी आतून वितळलीच नव्हती. रॉडचं लोखंड नुसतं वर बसलं होतं.

तेव्हा मी म्हणतो, नागपूरहून तयार बंगई आणू. उर्वशीच्या बाबतीत माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही.

माझ्यावर माया आहे तशीच असू दे, फक्त शोभाकाकूंसमोर जरा जास्त दाखव.

तुझा प्रफुल्ल


पांढुर्णा, १५ नोव्हेंबर

म्हणजे पोळीच्या आचेवर रोडगा भाजला. वरून लाल, मधात कच्चं पीठ. वरून त्याचा फोटोही काढला.

आशीर्वाद. नागपूरची बंगई या दारातून आत येणार नाही. ती आणली, तं शोभाबाई म्हणन भावाचं काम तुटकं होतं, अन् पोरगी ते जन्मभर ऐकन. ज्या घरातून तुटकी आली, त्याच घरातून जोडून आली पाहिजे.

रोडगा जाड असला तं आपण गोवऱ्या वाढवतो अन् त्याले वेळ देतो. तुझ्या मशीनचा आकडा वाढव. किती, ते मले विचारू नको, मशीनसोबत कागद आला असन. बंगई मागून गाडीनं धाडते, पण पहिलेच तिले हात लावू नको. तशाच जाड भंगाराचे तुकडे जोडून घणानं हाण. तुझे आजोबा नवी लोखंडी पास आणली का वखराले लावायच्या आधी दगडावर हाणून पाहत. जोड सुटला तं खोटा. लोखंड वाकलं अन् जोड राहिला, तं माणसाले बसव.

घाबरण्यात दिवस घालवू नको, तुझ्यावर जीव आहे म्हणून शिव्या देऊन राहिली.

आजी


सौंसर, १९ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

तुकडे फोडले. नव्वदवर केलेला जोड घणाखाली सुटला. मग दहा नंबरचा जाड रॉड आणला. पट्टीची कड घासून तिरपी केली, म्हणजे मधे खाच होते आणि वितळलेलं लोखंड तळापर्यंत जातं. रंग खरवडला. करंट एकशे वीसवर नेला. एक थर द्यायचा, त्यावरची काळी खपली ठोकून काढायची, मग दुसरा. या वेळी तुकडा वाकला, जोड हलला नाही. बंगईही जोडून झाली. शुक्रवारी संत्र्याच्या गाडीतून पाठवतो. डोहाळेजेवणाच्या दिवशीच, सोमवारी, शाळेत तपासणी आहे, आम्हा दोघांनाही सुट्टी नाही. आमच्या वाटणीचे आशीर्वाद तूच दे.

प्रफुल्ल

आजी, पाकीट चिकटवायच्या आधी मी नेहा लिहिते आहे. एकशे वीसवर ठिणग्या मोठ्या उडतात, अन् हे मागे सरकतात. रॉड रांगोळीच्या रेषेसारखा एका चालीनं न्यावा लागतो. वाकलेला तुकडा माझ्या हातचा आहे, बंगईही. हे स्वतःहून सांगायचे नाहीत.


पांढुर्णा, २५ नोव्हेंबर

तुम्हाले सुट्टी मिळाली नाही ते बरंच झालं. प्रफुल्लनं दर झोक्याले डोळे मिटले असते.

दोघाले आशीर्वाद. शोभाबाई काल सकाळीच स्वतःचा पाट घेऊन आली. साऱ्या बाया जमल्या, तवा आधी मी बंगईवर बसली अन् शोभाबाईले हात धरून माझ्या बाजूले बसवली. म्हटलं, पडलो तं आपण दोघी म्हाताऱ्या पडू, पोरगी नंतर. चारचौघीत तिले नाही म्हणता येईना. मी पायानं चांगला रेटा दिला. ती देवाचं नाव घेत होती. मीही घेत होती, पण मनात. कडी कुरकुरलीसुद्धा नाही. मंग बाईनं डोळे उघडले, अन् उतरेचना. उर्वशी फुलांचे दागिने घालून ताटकळत उभी. शेवटी सांगावं लागलं का बाई, डोहाळे तुमचे नाहीत.

मंग उर्वशी बसली. एक हात साखळीवर, एक पोटावर. जोडाकडं तिनं एकदाही मान वर करून पाहिलं नाही. खूप वेळ झोका घेत होती, अन् कोणी उठवलं नाही.

रात्री जाताना शोभाबाईनं पाट इथंच सोडला अन् विचारलं का जोड कोणाच्या हातचा. मी खरं सांगितलं. तं म्हणे, सावरगावच्या घरी पाळण्याले कडी लावाची आहे, ती नेहाच्याच हातची पाहिजे. पाळण्याचं नाव त्या बाईच्या तोंडून मागच्या खेपेपासून निघालं नव्हतं.

तवा कडी कधी होईन, ते नेहानं लिहावं. प्रफुल्लनं पेनाले हात लावू नये.

मनकर्णा आजी